नारूची हकीकत

आजच्या भाषणाचा विषय एक रोग आहे, आणि तो रोग आपल्या देशात आता उरलेला नाही. जे नाहीसे झाले त्याविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. परंतु रोगांनाही इतिहास असतो, आणि राजांच्या इतिहासापेक्षा तो पुष्कळदा अधिक बोधप्रद असतो. राजा कोणाशी लढला हे बखरी सांगतात. प्रजा कोणते पाणी प्याली हे त्या सांगत नाहीत. नारूची हकीकत हा त्या न लिहिलेल्या बखरीतील एक अध्याय आहे.

‘नारू’ हा शब्द आजच्या मुलांना ठाऊक नाही. वर्गात विचारले तर मुले एकमेकांकडे पाहतात, आणि इतिहासात गोडी असलेला एखादा मुलगा नारो शंकराचे नाव घेतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांना मात्र हा शब्द ऐकताच अंगावर काटा येतो. मराठवाड्यातील, माळव्यातील, गुजरातेतील किंवा चित्रदुर्गाकडील एखाद्या वृद्धाच्या घोट्याजवळ जुना वण दिसला तर त्याची चौकशी करावी. बहुधा तो नारूचाच निघेल.

मी पेशाने शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशाच्या पश्चिम टोकाला, झाबुआ जिल्ह्यातील एका निवासी शाळेत मी शिकवीत होतो. मुले बहुतेक सारी भिल्ल समाजाची. एके दिवशी आरोग्याचा पाठ चालू असता मी ओघात सांगून गेलो की, अज्ञान आणि अस्वच्छ सवयी ह्यांमुळे खेड्यापाड्यांतील लोकांना पूर्वी नारूसारखे रोग होत असत. मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, माझ्या आजोबांच्या पायावर नारूच्या चार खुणा आहेत. पण ते तर रोज आंघोळ करतात.” वर्ग हसला. मी त्याला बसावयास सांगितले आणि पाठ पुढे नेला. खरे सांगावयाचे तर मजपाशी उत्तर नव्हते.

सत्र संपले तेव्हा त्या मुलाला घरी नेण्यासाठी त्याचे आजोबा आले. स्वच्छ धुतलेले धोतर, डोक्याला पागोटे, हातात काठी. मी विषय काढला. त्यांनी संकोच न करता धोतर वर केले आणि चारही वण दाखविले. ते म्हणाले, “माट्साब, आमच्या फळियाला एकच बावडी होती. साहेब लोक जीपमधून येत आणि म्हणत, हे पाणी घाण आहे, पिऊ नका. मग कोणते प्यावे, हे कोणी सांगितले नाही.” एवढे बोलून ते नातवाची पेटी उचलून चालू लागले.

त्या दिवसापासून मी ह्या रोगाविषयी जे मिळेल ते वाचीत आलो. त्या मुलाला वर्गात जे उत्तर द्यावयास हवे होते, ते आज आपणांपुढे मांडीत आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. नारू हा एक कृमी आहे. त्याची मादी दोऱ्याएवढी जाड आणि हात-दोन हात लांब असते. माणसाच्या शरीरात ती कातडीखाली सुमारे वर्षभर वाढते आणि ह्या काळात त्या माणसाला काही कळत नाही. वर्ष भरत आले की ती बहुधा पायाकडे उतरते. पायावर फोड येतो आणि त्या जागी निखारा ठेवल्यासारखी आग होऊ लागते. ती आग शमविण्यासाठी माणूस काय करील? पाय थंड पाण्यात घालील. आणि ह्याच क्षणाची तो कृमी वाट पाहत असतो! फोड फुटतो, कृमीचे तोंड बाहेर येते आणि पाण्यात लाखो सूक्ष्म पिले सोडली जातात.

पण ही पिले थेट माणसाच्या अंगात शिरू शकत नाहीत. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक बारीक जलजीव असतो. तो इतका लहान असतो की पाण्याचा पेला उजेडात धरला तर हलणाऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. तो ह्या पिलांना गिळतो. त्याच्या पोटात दोन आठवड्यांत ती पुढच्या प्रवासास सिद्ध होतात. असे पाणी कोणी प्याला म्हणजे पोटातील आम्लाने सायक्लॉप्स मरतो. पिले मात्र जिवंत राहतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. पुन्हा एक वर्ष, पुन्हा फोड, पुन्हा पाणी. माणसाकडून पाण्याकडे आणि पाण्याकडून माणसाकडे असे हे रहाटगाडगे शतकानुशतके फिरत होते.

ह्यावर औषध नव्हते व आजही नाही. लसही नाही. एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही असेही नाही. त्या आजोबांच्या पायावरील चार वण त्याचेच साक्षी होते. उपाय एकच: बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळावयाचे आणि रोज बोट-दोन बोटे ओढून घ्यावयाचे. ह्यात आठवडे जात. घाईने ओढताना तो तुटला तर पाय सुजे, पू होई, आणि माणूस महिनोन् महिने खाटेला खिळे. नारूने माणूस क्वचितच मरे. परंतु तो माणसाला नेमका कामाच्या दिवसांत लोळवीत असे. बावडीचे पाणी उन्हाळ्यात तळाला जाते, तेव्हा ते पिणाराला रोगाची लागण होई. म्हणजे फोड येणार तो पुढल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या तोंडावर. मक्याची पेरणी समोर उभी आणि घरचा कर्ता माणूस पाय वर करून पडलेला! पाऊस कोणासाठी थांबत नाही. एका पायातील तो धागा साऱ्या घराच्या वर्षाच्या भाकरीला गाठ मारून बसे.

हा रोग फार जुना आहे. आपल्या मध्ययुगीन वैद्यकग्रंथांत ‘स्नायुक’ ह्या नावाने त्याचे वर्णन येते. इब्न सीना ह्या प्रख्यात हकिमाने अकराव्या शतकात त्याविषयी लिहिले. मदिना शहराच्या नावावरून युरोपातही तो ओळखला गेला आणि त्याच्या शास्त्रीय नावात ते शहर आजतागायत टिकून आहे. हिंदीत त्याला नहरुआ म्हणत, तर राजस्थानात कोठे कोठे बाला. एवढी नावे पडली, परंतु तो येतो कोठून हे कोणास उमगले नव्हते. १८७० मध्ये अलेक्सेई फेदचेन्को ह्या तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञाने तुर्कस्तानात काम करीत असता नारूची पिले सायक्लॉप्सच्या अंगात शिरून तेथे वाढतात हे पाहिले, आणि रोगाची वाट पिण्याच्या पाण्यातून जाते हे ध्यानात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी लायपर ह्या ब्रिटिश संशोधकाने तिचा पुढचा टप्पा प्रयोगांनी दाखवून दिला. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. तुर्खुड ह्यांनी ह्या रोगाचा अभ्यास केला. १९३० नंतरच्या दशकात म्हैसूर संस्थानात चित्रदुर्ग भागात डॉ. मूर्ती ह्यांनी पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून रोग आटोक्यात आणण्याचा यशस्वी प्रयोग केला. बुखारा शहर तर उघड्या हौदांच्या पाण्यामुळे ह्या रोगासाठी कुप्रसिद्ध होते. तेथे इसायेव्ह ह्या डॉक्टरने हौदांचा बंदोबस्त करून १९३० च्या सुमारास रोगाचे उच्चाटन केले.

तात्पर्य, स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी नारू कसा होतो आणि कसा घालविता येतो हे ज्ञात होते. तरीही आपल्या देशातून तो जाण्यास आणखी सुमारे पन्नास वर्षे लागली. ह्या विलंबाचे कारण शोधणे हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

नारूला साचलेले पाणी लागते, हे आपण पाहिले. वाहत्या नदीत तो टिकत नाही. ज्या विहिरीत माणूस उतरत नाही, वरून पोहरा सोडून पाणी शेंदतो, त्या आडातही त्याचा शिरकाव होत नाही. कारण रोग्याचा पाय पाण्याला लागतच नाही. धोका होता तो तळ्यांत आणि पायऱ्यांच्या विहिरींत. ज्याला माळव्यात व राजस्थानात बावडी, गुजरातेत वाव आणि मराठवाड्यात बारव म्हणतात, ती विहीर. स्त्रिया घागर घेऊन पायऱ्या उतरत, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ती भरीत. ज्या पायऱ्यांवरून घागर खाली जाई, त्याच पायऱ्यांवरून फोड आलेला पायही खाली जाई. पिण्याचे पाणी आणि पाय बुडविण्याचे पाणी ह्यांत काही अंतरच उरत नसे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ह्या विहिरी कोणी वाईट हेतूने बांधल्या नव्हत्या. पाटणची राणीची वाव अकराव्या शतकातील, अडालजची वाव पंधराव्या शतकाच्या अखेरची. दोन्ही शिल्पकलेचे उत्कृष्ट नमुने. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी विहिरी व बारवा बांधविल्या, त्यांची कीर्ती आजही गायिली जाते. तहानलेल्याला पाणी देणे ह्यासारखे पुण्य नाही, ही आपल्या सर्व धर्मांची शिकवण. दोर, पोहरा किंवा रहाट ज्यापाशी नाही अशा वाटसरूलाही पाणी मिळावे म्हणूनच त्या पायऱ्या होत्या. ती दयेची पायरी होती. तिच्यावरून रोगही उतरतो हे बांधणाऱ्याला कसे कळावे? त्या काळी ते कोणालाच ठाऊक नव्हते.

परंतु ज्ञान आल्यावर काय झाले हे पाहण्यासारखे आहे. शहरांत नळ आले. सधन शेतकऱ्यांनी आपल्या वाड्यात आड खोदले. ज्यांच्यापाशी पैसा आणि गावात पत होती, ते पायऱ्यांच्या पाण्यापासून दूर झाले. उरले ते डोंगराळ भागातील आदिवासी आणि गावकुसाबाहेरची माणसे. राजस्थानचे उदयपूर, डुंगरपूर, बांसवाडा आणि माळव्याला लागून असलेला झाबुआ, हा सारा भिल्लांचा मुलूख. त्यांची वस्ती आपल्या गावांसारखी दाट नसते. एका टेकडीवर एक घर, दुसरे समोरच्या टेकडीवर, अशा विखुरलेल्या फळियांचे मिळून एक गाव होते. असल्या गावाला नळ नेणे खर्चाचे. खडक कठीण असल्यामुळे हाताने खोल विहीर खणणे अवघड. म्हणून जुनी बावडी, नाल्यातील डबके नाही तर तळे, हेच पाणी.

आणि ह्याच लोकांना, ते अस्वच्छ आहेत म्हणून आजारी पडतात, असे सांगण्यात येई. सरकारी दौऱ्यांत, पाठ्यपुस्तकांत, शहरी सभांत, आणि शिक्षकाच्या तोंडूनही! चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात ते हेच. आपल्याकडे एक म्हण आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? भिल्लांच्या बाबतीत तर आडच नव्हता. पोहऱ्याला दोष देऊन काय उपयोग?

सवयींचा काहीच संबंध नव्हता असे मात्र मी म्हणणार नाही. ते सत्याला सोडून होईल. पाणी फडक्याने गाळून प्याले असते तर नारू झाला नसता. सायक्लॉप्स जाड, दुहेरी कापडातून पार होत नाही. गाळून पाणी पिण्याचा आचार आपल्या देशात पुरातन आहे. जैन बांधव जीवहिंसा टाळण्यासाठी तो कटाक्षाने पाळत आले आहेत, आणि स्मृतिकारांनीही तो सांगितला आहे. म्हणजे रोगावरचा उपाय रोगाच्याच शेजारी पिढ्यान् पिढ्या नांदत होता. परंतु ज्या घरात अंगावरच्या लुगड्याखेरीज दुसरे वस्त्र नाही, तेथे गाळण्यासाठी वेगळे स्वच्छ फडके राखणे ही साधी गोष्ट नव्हे. शिवाय गाळावयाचे ते नेमके कशासाठी, हे त्या माणसाच्या भाषेत त्याच्या अंगणात बसून कोणी समजावून सांगितले नव्हते. आज्ञा दिली गेली होती, कारण सांगितले गेले नव्हते.

आता ह्या हकीकतीचा उत्तरार्ध.

देवीच्या रोगाचे भारतातून १९७५ मध्ये उच्चाटन झाले आणि १९८० मध्ये जग त्या रोगापासून मुक्त झाल्याची घोषणा झाली. त्या यशाने आरोग्यसेवकांचा आत्मविश्वास वाढला. १९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी पेयजल व स्वच्छता दशक म्हणून पाळण्याचे ठरविले, तेव्हा नारूकडे लक्ष गेले. तो मुख्यतः पिण्याच्या पाण्याच्या वाटेने येतो. तेव्हा ज्या गावात नारू आहे त्या गावाला शुद्ध पाणी नाही, आणि शुद्ध पाणी पोचले की नारू जातो. इतका सरळ हिशेब दुसऱ्या रोगात क्वचितच सापडतो. कागदोपत्री पाणी पोचले की खरोखर पोचले, हे नारू खोटे बोलू देत नसे.

१९८३-८४ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेच्या देखरेखीखाली नारू-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घरोघर शोध घेण्यात आला. १९८४ मध्ये सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत मिळून सुमारे ४०,००० रुग्ण आढळले. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू ही ती राज्ये. म्हणजे आज ज्या ज्या प्रांतांत मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या राहत आला आहे, त्यांपैकी बहुतेकांत हा रोग होता.

कामाची पद्धत साधी होती. गावोगाव हिंडून रुग्ण शोधावयाचा, त्याची जखम बांधावयाची आणि ती भरेपर्यंत त्याला पाण्यात उतरू द्यावयाचे नाही; त्याच्या घरी दुसऱ्याने पाणी आणून द्यावयाचे. घराघरात गाळण्याचे फडके द्यावयाचे. पाणवठ्यात सायक्लॉप्सला मारणारे टेमेफॉस नावाचे औषध अल्प प्रमाणात टाकावयाचे. ह्या प्रमाणात ते पिणाऱ्याला अपाय करीत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, पायऱ्या बंद करावयाच्या. बावडीच्या पायऱ्या बुजवून वर कठडा बांधला, कप्पी बसविली, की तीच बावडी आड होते. जेथे ते शक्य नाही तेथे कूपनलिका खोदून हातपंप बसवावयाचा.

हातपंपाचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाला थोडा अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६० नंतरच्या दशकातील दुष्काळांत कठीण खडक फोडणारी यंत्रे आली आणि खेडोपाडी कूपनलिका झाल्या. परंतु त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबासाठी बनविलेले होते. सबंध गावाने हापसल्यावर ते मोडत. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा जवळजवळ तीन-चतुर्थांश पंप बंद पडलेले आढळले. इकडे जालना आणि सोलापूर येथे पाण्याचे काम करणाऱ्या मिशनरी व सेवाभावी मंडळींनी पोलादी, एकाच खिळीवर फिरणारा, साखळीने दांडा ओढणारा दणकट पंप तयार केला होता. जालना पंप आणि सोलापूर पंप ह्या नावांनी तो ओळखला जाई. ह्या सोलापूर पंपाच्या पायावरच, युनिसेफ आणि मद्रासच्या एका सरकारी कारखान्याच्या सहकार्याने, १९७७-७८ च्या सुमारास ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप सिद्ध झाला. पुढे तो केवळ भारतातच नव्हे, तर आफ्रिकेतील गावांतही पोचला. मराठवाडा-सोलापूरच्या अवर्षणाने दिलेली ही देणगी होय.

पण यंत्र आले म्हणजे काम झाले असे नव्हे. पंप बिघडला की माणूस पुन्हा बावडीकडे वळणार. तालुक्याच्या गावाहून कारागीर येईपर्यंत महिना लोटे. दक्षिण राजस्थानातील आदिवासी जिल्ह्यांत १९८६ मध्ये युनिसेफ आणि स्वीडन ह्यांच्या साहाय्याने ‘स्वच्छ’ ह्या नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्याने ही अडचण हेरली. पाणी आणणारी बाई. म्हणून पंप बंद पडल्याची खरी झळ बाईला. तेव्हा गावच्या बायकांनाच पंपाची दुरुस्ती का शिकवू नये? ज्यांना अक्षरओळख नाही अशा भिल्ल स्त्रिया हातात पाना घेऊन पंप उघडू लागल्या, दांडा बाहेर काढू लागल्या, चामड्याचे वायसर बदलू लागल्या. गावच्याच स्त्रिया घरोघर जाऊन पाणी गाळून दाखवू लागल्या. फडक्यावर राहिलेले, उड्या मारणारे ठिपके पेल्यात सोडून त्या शेजारणीला दाखवीत. साहेबाच्या जीपमधून आलेल्या शंभर उपदेशांनी जे झाले नाही, ते शेजारणीने धरलेल्या एका पेल्याने झाले. कारण तेथे कोणी कोणाला अडाणी म्हणत नव्हते.

आकडे झपाट्याने उतरू लागले. एकेक राज्य मुक्त होत गेले. शेवटी राजस्थान उरले. शोधाची साखळी इतकी घट्ट झाली की शाळेतील मुलांना विचारून, बाजाराच्या दिवशी हिंडून, नवा रुग्ण कळविणाऱ्याला बक्षीस जाहीर करून एकेक धागा हुडकण्यात येऊ लागला. जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ एकही रुग्ण आढळला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. औषध नाही, लस नाही. फडके, कठडा, पंप आणि माणसाशी माणसासारखे बोलणे, एवढ्या भांडवलावर एक पुरातन शत्रू देशाबाहेर गेला. जगाच्या दृष्टीने पाहावयाचे तर १९८६ च्या सुमारास दरवर्षी सुमारे ३५ लाख माणसे ह्या रोगाने पिडली जात. २०२४ ह्या वर्षात साऱ्या जगात केवळ १५ जणांना तो झाल्याची नोंद आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर ह्यांनी अधिकारपद सोडल्यानंतर आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे ह्या कामी वेचली. डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ते निवर्तले. आफ्रिकेत कुत्र्यांसारख्या प्राण्यांतही हा कृमी आढळू लागल्यामुळे अखेरची लढत मात्र लांबली आहे.

श्रोतेहो, येथे थांबलो तर ही हकीकत गोड होईल. पण ती अपुरी राहील. खोल कूपनलिकेच्या पाण्याने नारू घालविला हे खरे. परंतु काही भागांत खडकाच्या पोटातून येणाऱ्या त्या पाण्यात फ्लोराइड नावाचे द्रव्य अधिक प्रमाणात असते. झाबुआ आणि डुंगरपूर ह्यांसारख्या जिल्ह्यांत अनेक गावांतील मुलांचे दात त्यामुळे डागाळले, आणि कित्येकांची हाडे वाकली. एक संकट पायऱ्यांवरून उतरत होते. दुसरे नळीतून वर आले. त्या फ्लोराइडग्रस्त गावांतून कधी गेलो, आणि पिवळ्या-तपकिरी दातांचे मूल हसताना दिसले, की माझ्या मनात धास्ती उभी राहते. आता कोणी शिक्षक त्याला असे तर सांगणार नाही ना, की तू दात घाशीत नाहीस म्हणून असे झाले?

इतिहासाचा उपयोग तो हाच. नारूचा इतिहास आपणांस सांगतो की, ज्याला आपण सहज घाणेरडी सवय म्हणतो, ती पुष्कळदा त्या माणसाच्या दाराशी असलेल्या पाण्याने घालून दिलेली असते. पाणी बदलले, आणि ते का बदलावे हे आदराने सांगितले, की सवय बदलावयास वेळ लागत नाही. शंभर पिढ्यांचा रोग बारा-तेरा वर्षांत गेला, तो ज्यांना आपण अडाणी म्हणत होतो त्यांच्याच हातांनी. त्या हातांत पाना आणि फडके देण्यास मात्र उशीर झाला. तो उशीर त्यांचा नव्हता.

झाबुआची ती शाळा मी केव्हाच सोडली. परंतु तो पाठ अजूनही दर वर्षी शिकवितो. नारूचे नाव येते तेव्हा फळ्यावर एक बावडी काढतो आणि तिच्या पायऱ्या मुलांना मोजावयास सांगतो. मग विचारतो, “मुलांनो, ह्या विहिरीत चूक कोणाची?” मुले बराच वेळ विचार करतात. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी त्या दिवशी खाली बसविले होते. आता मात्र मागच्या बाकावरून कोणी उठले, तर आधी त्याचे बोलणे पुरे होऊ देतो.